आत्याची तिसरी वेळ

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, ते एडवणच्या माझ्या आत्यामुळे. प्राध्यापकांचेही उपकार आहेत, पण त्यांनी मला नापासही केलं. आत्याने कधीच नाही.

बोंबील वाळत घालताना ती आम्हा पोरांना गोष्टी सांगायची. गोष्ट राजाची असो की कोल्ह्यांची, थोरला जाऊन हरायचा, मधला जाऊन हरायचा आणि धाकटा जिंकून यायचा.

"दर वेळी तिसराच कसा गं?" मी विचारलं.

"पयलाच जिंकला तर गोष्ट संपली, तुमी पोरं पळाली. मग बोंबील कोण वाळत घालंल?"

पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी मी सांख्यिकीत दोनदा नापास झालो. बाबा म्हणाले, "पुरं झालं. आता बोटीवर ये." आत्या बाबांची थोरली बहीण. डोक्यावरची टोपली न उतरवताच म्हणाली, "येडा हायस का? दोनदा हरला. आता तर गोष्ट सुरू झाली!" मला आणखी एक परीक्षा मिळाली.

तिसऱ्यांदाही मी नापास झालो.

बाबांनी माझ्यासाठी बोटीवर घालायचे गमबूट आणले. घालून पाहिले तर अगदी मापाचे निघाले, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. आत्याने ते बघितले आणि मला विचारलं, "पयल्या परीक्षेला तुला ताप होता ना?"

"थोडा होता."

"मग ती धरायची नाय."

"ताई, असं कुठं असतं का?" बाबा म्हणाले.

"गोष्ट कोण सांगतंय? तू का मी?"

चौथ्यांदा, म्हणजे आत्याच्या हिशेबाने तिसऱ्यांदा, मी पास झालो. दुकानदार गमबूट परत घेईना, म्हणून ते बाबाच घालू लागले. त्यांना ते चावतात.

पुढे काही महिने बोईसरच्या एका कारखान्यात होतो. तिथे बिहारकडचा एक कामगार जेवणाच्या सुट्टीत हिंदीतून गोष्टी सांगायचा. त्यातही तिसराच भाऊ जिंकायचा. याचीही कुणीतरी आत्या असणार, अशी माझी खात्री झाली. मधेच थांबलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि जो पुढे जातो त्याचे प्रयत्न कुठून मोजायचे ते सांगणारा ठरवतो.

आता मी नाशिकला नोकरी शोधतो आहे. आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे नाही म्हणाले. बाबांना सांग, सगळं गोष्टीप्रमाणे चाललंय, गमबूट वापरत राहा. तिसरी सोमवारी आहे. तिथे काही कमीजास्त झालंच, तर तुला सांगून ठेवतो, पहिल्या मुलाखतीला माझी एसटी चुकली होती."