मागून आलेला फोन

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याला मोटारसायकल चालवताना हेल्मेटच्या आत इयरफोन घालायची सवय होती. एका रविवारी आम्ही जरीपटक्याहून हुडकेश्वरला माझ्या बहिणीकडे जेवायला निघालो. वाटेत शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "भाऊ, स्टँड!" बघते तर साइड स्टँड खालीच! डावीकडे वळताना ते रस्त्याला लागलं असतं, तर आम्ही दोघंही आडवे झालो असतो. मी ओरडले, ह्यांना ऐकूच गेलं नाही. पाठीवर थापा मारल्या, तर मी खुशीत आहे असं समजून ह्यांनी वेग वाढवला. शेवटी घाबरून मी ह्यांनाच फोन लावला.

"कोण? गाडी चालवून राहिलो, मागून करा फोन."

"अहो, मागूनच करून राहिली मी! स्टँड वर घ्या!"

करकचून ब्रेक लागला, तो नेमका ट्रॅफिक पोलिसासमोर. कानातली वायर बघून तो म्हणाला, "हे घालून गाडी चालवता येत नाही भाऊ. चालान होते."

"एकाच कानात होतं, साहेब."

"मंग दुसऱ्या कानानं काय ऐकलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

चालान झालं. पुढे कान मोकळे ठेवून हे इतक्या जपून निघाले, की एक सायकलवाले काका आम्हाला ओलांडून गेले आणि आम्ही पोहोचेपर्यंत बहिणीकडची जेवणं आटोपली होती.