पेल्यातली पैंजणं

नर्सनं माझ्या भाजलेल्या हातावर राखाडी पट्टी ठेवली. म्हणाली, "मावशी, यात चांदी असते. जंतू वाढत नाहीत." ओल्या धातूचा बारीकसा वास आला आणि मी निगडीच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

आमचे हे चाकणला प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, कारखान्यात होते. साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती. त्या संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. समोर पाण्याचा पेला, त्यात माझी चांदीची पैंजणं, दोन तारांनी बॅटरीला जोडलेली. पाण्यात धुरासारखं काहीतरी पसरत होतं.

"जंतूंच्या अंगावर ऋण भार असतो म्हणे," ते म्हणाले. "चांदीचे आयन धन. मग चिकटणारच की त्यांना!"

"अहो, पाय म्हणजे काय कंपनीतला पार्ट आहे, टाकीत सोडायला? डॉक्टरकडे चला."

"जाऊ गं. आधी दह्यावर बघू, तेही जंतूंमुळेच लागतं."

विरजण लावलेल्या दुधात त्यांनी ते पाणी ओतलं. सकाळी दही लागलंच नव्हतं. पोरासारखे खूश झाले, त्याच जखमी पायावर सेफ्टी शूज चढवले आणि फर्स्ट शिफ्टला गेले. मला तेव्हा वाया गेलेल्या दुधाचं वाईट वाटलं होतं.

डॉक्टरकडे गेलो तोवर जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. हे त्यातून उठले नाहीत.

नर्स पट्टी गुंडाळत होती. मी विचारलं, "ही पायाच्या जखमेला चालते?"

"चालते की. कुणाला लावायचीय, मावशी?"