सात नंबरच्या मशीनला हात लावू नका

उमरखेडला आमच्या संगणकाच्या क्लासमध्ये एक पद्धत होती. मशीन सुरू झालं की रिकाम्या पडद्यावर माऊसचं उजवं बटण दाबायचं, जी यादी उघडते तिच्यातलं रिफ्रेश दाबायचं, आणि हे पाच वेळा करायचं. सरांनी शिकवलं होतं. सरांना त्यांच्या सरांनी. त्यानं म्हणे मशीन मोकळं होतं. मी नवीन होते तेव्हा मीही ते मन लावून करायचे. पुढे कळलं की त्यानं पडद्यावरची चित्रं पुन्हा मांडली जातात. आधीच मांडलेली चित्रं. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात, ती निदान ऐकू तरी येते.

आमच्याकडे म्हणजे गुहागरच्या बाजूला. मी आठवीत शाळा सोडली. नवऱ्याला बस डेपोत मेकॅनिकची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली थेट उमरखेडला. दोन गाड्या बदलून, एक रात्र आणि एक दिवस बसून मी इथं पोचले, तेव्हा माझं बोलणं ऐकून शेजारीण म्हणाली, "बाई, तुम्ही बातम्या सांगून राह्यल्या का?" वर्षभर मी कुणाशी फारसं बोललेच नाही. मग एका खताच्या दुकानावरच्या माडीवर पाटी दिसली: क्लाससाठी बाई पाहिजे, झाडलोट व हजेरी. सरांनी शाळेचा दाखला मागितला नाही. "सकाळी सातले याले जमते का?" एवढंच विचारलं. दुपारी बॅच नसली की मला मशीनवर बसू द्यायचे. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते याची जाणीव ठेवूनच लिहिते आहे.

बारा मशीनं होती, प्रत्येकाच्या कपाळावर नेलपॉलिशनं नंबर घातलेला. सात नंबरवर एक क्लार्क मॅडम बसायच्या. नवरा गेल्यावर त्याच्या जागी अनुकंपावर नोकरीला लागलेल्या. दोन मुली, सासू, आणि डोक्यावर ऑफिसची चिठ्ठी: मुदतीत संगणकाचं सर्टिफिकेट आणून द्या, नाहीतर नेमणूक रद्द. मॅडम ऑफिस सुटलं की यायच्या, दारात कुणी ओळखीचं भेटलं तर जयभीम करायच्या आणि खुर्चीत बसल्या की तासभर कुणाकडे बघायच्या नाहीत. की-बोर्डवर एका बोटानं लिहायच्या, पण ते बोट कधी चुकायचं नाही.

या कोर्सचे धडे इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये उघडायचे. काही धडे नुसते वाचायचे, काहींत एक बाई व्हिडिओत येऊन समजावून सांगायची. धडा शेवटपर्यंत गेला तरच तो झाला असं धरायचे, आणि ती नोंद त्याच मशीनच्या पोटात राहायची. परीक्षेच्या यादीसाठी सर ती वर पाठवायचे. मॅडमच्या मुदतीत बसणारी शेवटची यादी त्या शनिवारी पाच वाजता बंद होणार होती. सोमवारी मॅडमचे अकरा धडे राहिले होते.

आणि सोमवारीच ब्राउझर पडायला लागला. व्हिडिओतली बाई "नमस्कार" म्हणायची, तोंड उघडं ठेवून थिजायची, मग पडदा पांढरा आणि सगळं बंद. वर एक इंग्रजी ओळ, खाली एक बटण. सर धावत यायचे आणि ती ओळ न वाचताच बटण दाबून घालवायचे. माशी हाकलावी तशी. धडा पुन्हा पहिल्यापासून.

"व्हायरस हाय," सर म्हणाले. मंगळवारी म्हणाले, पोट्टे बाहेरचे पेनड्राइव्ह लावतात. बुधवारी म्हणाले, धूळ. मी रोज दोनदा पुसते ती मशीनं. मग चपला जिन्याखाली ठेवायचा हुकूम निघाला. वर दारात काढलेल्या चपलांची धूळ ब्राउझरमध्ये जाते, हे मला त्या दिवशी कळलं. रिफ्रेश पाच वेळांवरून दहा वेळांवर गेलं. माडीभर सगळे मान खाली घालून टकटक टकटक करत होते, आणि त्या व्हिडिओतल्या बाईचं तोंड उघडं ते उघडंच.

मला काळजीची सवय आहे. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढते. तशी मी हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवत होते: कुठलं मशीन, कितवा धडा, कधी पडला. सर बटण दाबायच्या आत ती इंग्रजी ओळही उतरवून घेतली, एकेक अक्षर, चित्र काढल्यासारखी. माझं इंग्रजी आठवीचं, तेही अर्ध्या आठवीचं. पण त्यातला प्लगइन हा शब्द मला लागला, कारण तो दरवेळी होता.

बुधवारी दुपारपर्यंत त्या पानाकडे बघून दोन गोष्टी मला दिसल्या. वाचायच्या धड्यांत एकदाही काही पडलं नव्हतं, फक्त व्हिडिओच्या. आणि पाच नंबरचं मशीन एकदाही पडलं नव्हतं. पाच नंबर सरांचं स्वतःचं.

हे मी सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही हजेरी पाहा. इंजिनिअर येऊन राह्यला पुसदहून."

इंजिनिअर आला. बूट घालूनच वर आला. त्याच्या बुटांना बहुधा धूळ लागत नसावी. खिशातून त्यानं एक निळा पेनड्राइव्ह काढला, लाल दोरा बांधलेला. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं: फॉरमॅट मारायचा. मशीन कोरं करायचं आणि त्या निळ्या पेनड्राइव्हमधून सगळं पुन्हा भरायचं. त्यानं एक नंबर आणि दोन नंबर कोरे केले. त्या दोन मशीनांवर शिकणाऱ्या पोरांचे चाळीस चाळीस धडे गेले. एकानं विचारलं तर म्हणाला, "पुन्हा कर ना भाऊ. रिव्हिजन होते." त्यांना पुढची यादी चालणार होती म्हणून ते हसले तरी. तासाभरात दोन नंबरवर व्हिडिओतली बाई नमस्कार म्हणून थिजली. इंजिनिअरनं मशीनच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "मशीनच जुनी हाय. उद्या येऊन बाकीच्या मारतो. सात नंबरपासून सुरू करू."

मॅडम तेव्हा सात नंबरवरच होत्या. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ताई, माये धडे जातीन का?"

"जातील," मी म्हटलं. खोटं बोलून काय करणार होते?

त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, न पिताच पुन्हा लावलं. "ऑफिसमधले म्हणतात, तुया नवरा बारा वर्षं शिपाई होता त त्याले कोणी कम्प्युटर नाई इचारला. मले इचारून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांचा डबा घेऊन डेपोत गेले. ते एका गाडीखाली झोपलेले, नुसते पाय दिसत होते. पायांशी बसून मी सगळं सांगितलं. ब्राउझर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. गाडीखालूनच म्हणाले, "चालती गाडी एकाएकी बंद पडली तर आम्ही पहिलं वही काढतो. शेवटचा हात कुणाचा लागला, आणि त्यानं नवीन काय बसवलं. ते काढून बघायचं. इंजिन कोण उतरवतो गं लगेच?"

शेवटचा हात. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचले तेव्हा मला आठवलं. मागच्या रविवारी क्लासच्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. सगळ्या मशीनांवर एकाच वेळी क्लासचा व्हिडिओ लावायचा म्हणून इंजिनिअर आला होता आणि त्यानं त्या निळ्या पेनड्राइव्हमधून प्रत्येक मशीनवर व्हिडिओ चालवणारं काहीतरी टाकलं होतं. प्रत्येक मशीनवर, एक सोडून. पाच नंबरवर सर क्रिकेटची मॅच बघत होते. इंजिनिअर दोनदा म्हणाला, "सर, दोन मिनिटं उठता का?" सर म्हणाले, "ओव्हर होऊ दे." ओव्हर झाली, दुसरी सुरू झाली, सर उठलेच नाहीत.

म्हणजे अख्ख्या क्लासमध्ये एकच मशीन नीट चालत होतं आणि ते सरांच्या बुडाखाली होतं म्हणून वाचलं होतं.

बॅच यायला वेळ होता. मी पाच नंबर सुरू केलं आणि ब्राउझरची सगळी बटणं एकेक करून उघडत गेले. काही बिघडलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील, हे डोक्यात होतंच. एका जागी प्लगइनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या गोष्टींची, यादी सापडली. व्हिडिओ चालवणारं नाव त्यात एकदा होतं, पुढे नव्या आवृत्तीचा आकडा. मग सात नंबर उघडलं. तिथं तेच नाव दोनदा. एकाचा आकडा नवा, दुसऱ्याचा कितीतरी जुना, आणि दोन्ही चालू. एका बैलगाडीला दोन गाडीवान, एक थांब म्हणतोय, दुसरा चल म्हणतोय. जुन्या नावासमोर बंद करायचं बटण होतं.

ते मी लगेच दाबलं नाही. आधी वहीत लिहिलं की काय बंद करणार आहे, म्हणजे पुन्हा चालू करता येईल. आणि खरं सांगायचं तर, ब्राउझर एकदा बंद करून पडद्यावर उजवं बटण दाबून पाच वेळा रिफ्रेशही केलं. माझी थट्टा मला करू द्या, दुसऱ्या कुणी करू नये. मग जुनं बंद केलं, ब्राउझर पुन्हा उघडला, व्हिडिओचा धडा लावला. बाई नमस्कार म्हणाली. तोंड मिटलं. पुढचं वाक्य बोलली. मी तो धडा शेवटपर्यंत ऐकला, मग दुसरा, मग तिसरा. फायली कशा जपून ठेवाव्यात यावर होता.

चार वाजता इंजिनिअर आला, बुटांसकट. मॅडम त्या दिवशी अर्धी रजा टाकून आधीच येऊन बसल्या होत्या. त्यानं पेनड्राइव्ह काढला.

"उठा मॅडम. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"मी उठत नाही," मॅडम म्हणाल्या. इथल्या बायका मी जातो, मी येतो म्हणतात, पण मी उठत नाही हे कुठल्याही गावात सारखंच ऐकू येतं.

इंजिनिअरनं सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे. मी वही पुढे केली. "सर, या मशीनवर सकाळपासून सहा व्हिडिओ झाले. पडलं नाही. रविवारी जे टाकलं होतं ते जुनं आहे, ते बंद केलं. फॉरमॅट मारून पुन्हा त्याच पेनड्राइव्हमधून भरलं की तेच जुनं परत येतं. म्हणून दोन नंबर पुन्हा पडलं."

"ताई, तुमचं शिक्षण किती?" इंजिनिअरनं विचारलं.

"आठवी," मी म्हटलं.

"आठवी," तो सरांना म्हणाला, जणू सरांना ऐकू आलं नसावं.

"आठवीवाल्या बाईनं चालू केलं, तुमी काहून बंद पाडता?" मॅडमनी मान न वळवताच विचारलं, आणि पुढचा धडा लावला. व्हिडिओतली बाई सुरू झाली. आम्ही चौघं उभे-बसलेले तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मला वाटतं त्या बाईकडे इतकं लक्ष तिच्या आयुष्यात कुणी दिलं नसेल. ती थिजली नाही.

सर खाकरले. "राहू दे आज," म्हणाले. एवढ्यासाठीही मी त्यांची आभारी आहे. ते नाही म्हणू शकले असते.

शुक्रवारी सगळ्या मशीनांवर मी जुनं बंद केलं. शनिवारी पाचाला वीस कमी असताना मॅडमचा शेवटचा धडा संपला. सरांनी यादी पाठवली, तिच्यात मॅडमचं नाव होतं. मी ते पाठवण्याआधी दोनदा आणि पाठवल्यावर एकदा वाचलं.

सोमवारी भिंतीवर सरांनी कागद चिकटवला. तांत्रिक अडचण इंजिनिअर साहेबांच्या सहकार्याने दूर झाली आहे, तरी सर्वांनी रिफ्रेश पाच वेळा करावे व चपला खाली काढाव्यात. चिकटपट्टी मलाच आणायला पाठवलं होतं. कागद तिरका लागला, तो मी सरळ केला नाही. माझ्याकडून तेवढाच निषेध झाला.

मॅडम परीक्षा पास झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. तीन-चार महिन्यांनी क्लासच्या फोनवर त्यांचा आवाज आला. मागे पंख्याचा आणि माणसांचा गलका.

"ताई, आमच्या ऑफिसचा कम्प्युटर पडून राह्यला. तोच निळ्या पेनड्राइव्हवाला आलाय. फॉरमॅट मारतो म्हणते. माया टेबलावरचा हाय, सारं काम याच्यातच हाय."

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी काय करू? खुर्चीवरून उठूनच नाही राह्यली. तुमी लवकर या बाप्पा, माया पाय आखडला."

मी माडीला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि निघाले. कोपऱ्यावरून परत आले, पुन्हा ओढून बघितलं, मग मात्र पळत गेले.