कडक उपासाचा मंगळवार

सकाळी जाग आली की पयल्यांदा मला माजं घरच वळखू यायचं न्हाई. आढ्याकडं बगत पडून ऱ्हायची. हे कुनाचं घर, मी हितं कशी आले, काय उमगायचं न्हाई. अंग घामानं भिजल्यालं, दिव्याच्या दोन-दोन वाती दिसायच्या. सासू चुलीपासनं हाक मारायची, "उठती का न्हाई गं?" ती हाक हिरीच्या तळातनं आल्यावानी वाटायची. मंग कोनीतरी गुळाच्या च्याची कपबशी हातात द्यायचं. दोन घोट गेले की समदं जाग्यावर यायचं. घर माजं, चूल माजी, कुशीतली पोरगी माजी.

राहुरीकडचं आमचं गाव. पोरीचं दूध तुटलं त्या साली हे सुरू झालं. आदी सकाळचंच हुतं. मंग कवा जेवायला उशीर झाला की व्हायला लागलं. मी म्हनं काईबी बडबडायची, डोळं फिरवायची, मानसं वळखायची न्हाई. मला त्यातलं काय आठवायचं न्हाई. लोकांनी सांगितलं तेवडंच मला ठावं.

आत्याबाई, म्हंजी माजी सासू, मला देवरुषाकडं घेऊन गेल्या. तो म्हनला, "देवीला जागा पायजे. हिला मंगळवार-शुक्रवार कडक धरायला लावा. दिवस मावळंपस्तोर पान्याचा घोटबी न्हाई. वारं आलं की अंगारा लावा आन प्रसादाचा गूळ तोंडात घाला."

तसं केलं. मंग दर मंगळवारी आन शुक्रवारी, दुपार कलली की माज्या अंगात यायचं. अंगारा लावला, गूळ चारला की जायचं. समद्या गावानं डोळ्यानं बगितलं. खोटं कोन म्हननार?

बाया नारळ घेऊन यायला लागल्या. जिच्या अंगात येतं तिला आमच्याकडं झाड म्हनत्यात. देवीचं झाड बोलतंय, झाडाला इचारा, असं त्यांचं चालायचं. एकीची शेळी हरवली हुती. मी म्हनं "पानी, पानी" म्हनले. शेळी घावली कोरड्या वढ्यात. ती म्हनली, "वढ्यात पानी असतंच की कवातरी." आता मला वाटतं, दिवसभर उपाशी, मला तान लागली असंल. पन तवा मीबी हात जोडले. आपल्या तोंडून कोन बोलतंय ते आपल्याला कुटं दिसतं?

त्यात आनि येक. मला सारकी भूक लागायची. गोडाची तर लईच. दुष्काळाचं साल, समदी मानसं वाळून गेली आन मी मातर फुगत चालले. माजी नणंद कर्जतकडं दिलेली, तिला मी वन्सं म्हनायची. ती माहेरी आली की माज्याकडं बगून म्हनायची, "उपास देवीचा आन अंग हिचं वाढतंय. देवी जेवती का हीच जेवती गं आई?"

आत्याबाई हसायच्या न्हाईत. "डब्यातला गूळ कमी व्हतोय, येवडं मला दिसतंय," म्हनायच्या.

मंग ती सकाळ आली. मी पोरीला कडंवर घेऊन शेताकडं निगाले हुते. मदलं काय आठवत न्हाई. शुद्धीवर आले तवा मी भलत्याच रस्त्यानं चालत हुते आन कडंवर पोरगी न्हवती. आत्याबाईंना ती हिरीच्या काठावर घावली. बसून माती खात हुती.

त्या मला बोलल्या न्हाईत, मारलं न्हाई. पोरीला पोटाशी धरून येवडंच म्हनल्या, "तू देवीची झालीस बाई. झाडाजवळ लेकरू ठेवायचं न्हाई."

वन्संला मूलबाळ न्हवतं. तिनं पोरीला कर्जतला न्यायचं ठरलं. मी रडले, पन नगं म्हनले न्हाई. कशी म्हनू? माज्या हातांचा मलाच भरवसा ऱ्हायला न्हवता. पोरगी एसटीच्या खिडकीतनं हात हालवत गेली. तिला वाटलं जत्रंला चाललो.

उनाळ्यात आमी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तितं खायला गोड सुकडी मिळायची, ती खाल्ली की मी बरी ऱ्हायची. पन एका मंगळवारी उपास असल्यानं मी सुकडीला हात लावला न्हाई. हातात हातोडा हुता, येवडंच आठवतं. डोळं उघडलं ते नगरच्या दवाखान्यात. हाताला सुई, वर बाटली. मुकादमानं खडीच्या ट्रकातनं आनलं हुतं, ऊन लागलं म्हनून. मालक, म्हंजी पोरीचे वडील, पायथ्याशी हुबे. आत्याबाई अंगाऱ्याची पुडी घेऊन उशाला.

डाक्टरीनबाई म्हनली, "शिरेतनं साखर सोडली आन ही तोंडावर पानी मारल्यासारकी उठली. घरी असं झालं की काय करता आजी?"

"अंगारा लावतो."

"आन?"

"आन प्रसादाचा गूळ."

"गूळ न देता नुसत्या अंगाऱ्यानं उठली का कवा?"

आत्याबाईंना राग आला. "देवीचा प्रसाद चुकवत्यात व्हय? तुमच्यात चुकवत आसतील."

"बरं. उपास कवा धरती?"

"मंगळवार-शुक्रवार."

"आन हे कवा व्हतं?"

"मंगळवार-शु..." आत्याबाई थांबल्या. पुडी कनवटीला खोचली. मंग म्हनल्या, "देवीचेच वार हायत ते."

मला पुन्याला सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथल्या डाक्टरनं सांगितलं ते मला निम्मंच कळलं. पोटाच्या मागं येक मांसाची पट्टी असती म्हनं. तिच्यातनं येक रस निगतो, त्यो रक्तातली साखर आवरतो. माज्या त्या पट्टीत गाठ असावी, ती नगं तेवडा रस सोडती, आन साखर संपली की डोकं चालायचं थांबतं. अशी गाठ क्वचितच बगायला मिळती, म्हनून शिकाऊ डाक्टर माज्या खाटंभवती गोळा व्हायचे. मालक हळूच म्हनले, "साखर कारखान्याच्या मुलकात ऱ्हातो आन साखर संपती ती तुजीच."

पन गाठ हाय का न्हाई ते ठरवायला त्यांनी मला काय करायला लावलं? उपास! समदं खानं बंद. जवळ येक नर्सबाई बसवून ठिवली. घडीघडी रगत काढायचे आन इचारायचे, नाव काय, गाव कोन्तं, ही बोटं किती. आत्याबाई बगत हुत्या. म्हनल्या, "येवडंच करायचं हुतं तर आमी घरी काय करत हुतो?"

मला तर काय बी कळंना. देवरुषी म्हनतो उपास कर म्हंजी देवी येईल. डाक्टर म्हनतो उपास कर म्हंजी रोग दिसंल. दोगांचंबी खरं झालं. नर्सबाई मला माजी आई दिसायला लागली, बोटं मोजता येईनात, गाव सांगता येईना. मंग साखर दिली आन मी परत आले. डाक्टर खुश झाले. मी इतकी येडी झाले यात खुशी कसली, ते मला उमगलं न्हाई.

गाठ बाहेरनं दिसत न्हवती. डाक्टर म्हनले, पोट उघडून हातानं चाचपावं लागंल, घावंल का न्हाई सांगता येत न्हाई. मालक माज्याकडं बगायला लागले. मी म्हनले, "करा सही. हिरीचा काठ मला रोज दिसतोय."

गाठ घावली. हरबऱ्याच्या दान्याएवडी, पट्टीच्या शेवटाला. तेवडा तुकडा कापून काडला. बाटलीत घालून मला दावली तवा मी लई येळ बगत बसले. येवडुशीनं माजी पोरगी नेली?

घरी आले. आता सकाळी डोळं उघडलं की आढं आमचंच असायचं. तरी आत्याबाईंचा जीव मानंना. वन्संला निरोप धाडला, पोरीला घेऊन ये. ती आली तवा पोरगी तिच्या पदरामागं लपली, माज्याकडं येईना. आत्याबाई मला म्हनल्या, "पोटाला टाकं घातलं म्हनून देवी जाती व्हय? येत्या मंगळवारी कडक धर. मंग ठरवू पोरगी कुनाची."

डाक्टर म्हनले हुते, आता उपासाचं भ्या न्हाई. पन त्या मंगळवारी मला भ्या वाटलं तेवडं पोट कापतानाबी वाटलं न्हवतं. सकाळपासनं भितीला टेकून बसले. दुपार कलली तशा बाया आल्या, नारळ पुडं ठिवून माज्या तोंडाकडं बगत बसल्या. मी माजी मलाच इचारत हुते, नाव काय, गाव कोन्तं. हातापायाला जरा कंप सुटला की वाटायचं, आली.

पोटात भूक लागली. वाट बगितली, आता घाम फुटंल, आता दोन-दोन दिसंल. काय न्हाई. भूक नुसती भूकच ऱ्हायली. अशी साधी भूक मला किती साल लागली न्हवती. तिचं काय करायचं असतं तेबी मी इसरले हुते.

शेळीवाली कटाळून म्हनली, "अगं येती का न्हाई? मला म्हशीच्या धारा काडायच्या हायत."

दिवस मावळला. आत्याबाईंनी दिवा लावला आन माज्या म्होरं आनला. वात येकच दिसली. त्यांनी पुन्याच्या डाक्टरावानी माज्या डोळ्याम्होरं बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"गाव कोन्तं?"

मी सांगितलं.

मंग त्यांनी वन्संच्या पदरामागच्या पोरीकडं हात केला. "आन हे लेकरू कुनाचं?"

वन्सं खाली बगत हुती. मी म्हनले, "माजं. वन्संनी संबाळलं, पन माजं."

बाया नारळ उचलून गेल्या. आत्याबाईंनी डब्यातला गूळ काडला, माज्या तोंडात घातला. मंग कोनाड्याकडं बगितलं, चिमटीत अंगारा घेतला आन तोबी कपाळाला लावला. "देवी आपनहून गेली," म्हनल्या. मी मान डोलावली. त्या मरंपस्तोर तसंच म्हनत ऱ्हायल्या आन मी कवा वाद घातला न्हाई. मला तरी काय ठावं, त्या बाटलीत नेमकं काय हुतं?

त्यांनी पोरीला उचलून माज्या मांडीवर ठिवलं. ती वन्संकडं हात करून लई रडली. वन्संबी रडली. मी निम्मा गूळ तोंडातनं काडून पोरीच्या ओठाला लावला. तिनं चाटला, माज्याकडं बगितलं, आन परत रडायला लागली. पन मांडीवरनं उतरली न्हाई.