गोलाबाहेरचा लाल डाग

परवा आमच्या एडिसन गावातल्या फार्मसीत लेकीला, रियाला, फ्लूचा शॉट द्यायला नेलं. स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला आणि ती एक वर्षाची असतानाची लस आठवली.

तेव्हा तिला एक्झिमा होता. अंग कोरडं, खाजरं, जागोजागी लाल. डॉक्टर म्हणाले होते, लस द्यायला काहीच हरकत नाही. पण रिअ‍ॅक्शन आलीच तर या लालीत ती ओळखायची कशी? म्हणून मी घरीच तिच्या प्रत्येक चट्ट्याभोवती पेनने गोल काढून नेले. गोलाबाहेर काही उठलं तर ते नवीन!

सुई टोचली आणि रियाने क्लिनिक डोक्यावर घेतलं. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी तिला कवटाळलं, तिच्या गालावर कपाळ घासत घासत गप्प केलं. मग माझ्याकडे दिली, तर गालावर लालभडक डाग! मी ओरडलेच. नर्स धावत आली. तिने ओला बोळा फिरवला, तशी लाली सगळी बोळ्यावर आली. गाल कोरा.

मी सासूबाईंकडे पाहिलं. कपाळावरचं कुंकू भुवईपर्यंत फिसकटलेलं.

"अगं बाई, माझंच की ते!" त्या म्हणाल्या. मी मटकन खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

आता सासूबाई नाहीत. रियाचा एक्झिमाही केव्हाच गेला. शॉटनंतर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते.

"मॉम, आय ॲम फाइन," ती फोनमधून मान वर न करता म्हणाली.

खरंच होतं. गाल अगदी स्वच्छ होता. तरी मी त्यावरून एकदा बोट फिरवलंच.