कपासोबतच्या फोटोतली खुर्ची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे दुसऱ्यांचे शर्ट वाळत घातले. दुबईत, बर दुबई भागातल्या आमच्या बाल्कनीत, सकाळी, आइस हॉकीवाल्यांचे घामट शर्ट. आदल्या शुक्रवारी त्यांनी फायनल जिंकली होती आणि उद्या कपासोबत फोटो होता.

"अहो, बाही लोंबतेय. नीट घाला."

"त्यांच्या बाहीची काळजी. तुझे हात बघ कसे सुजलेत ते."

"उद्याच्या फोटोत हात दिसत नाहीत," म्हणाली आणि हसली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बर्फाच्या रिंकवर मशीन चालवायचो, बर्फ गुळगुळीत करायचं. बाहेर माणूस भाजून निघतोय आणि आत थंड देशातून पगार देऊन आणलेले घोडे पायाला पाती बांधून एका रबरी चकतीसाठी एकमेकांना भिंतीवर आपटतायत. याला खेळ म्हणायचं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पण एवढा बिनडोकपणा तिथेही बघितला नव्हता.

खंडेनवमीला बायको ताट घेऊन आली, माझ्या मशीनची पूजा करायला. शेजारी त्यांच्या काठ्या रचलेल्या. हत्यारंच ती, असं समजून हिने प्रत्येक काठीला हळदकुंकू लावलं. बोटभर नाही, चांगलं मूठभर. संध्याकाळी कुंकू हातमोज्यांना, तिथून पांढऱ्या शर्टांना. अख्खी टीम गुलाबी. टीमचा मॅनेजर, टाय लावणारा, आपल्याच देशाचा, माझ्यावर ओरडला, "ये क्या जंगलीपन है? निकालो इसको!"

तोपर्यंत सगळ्या मॅचेस हरलेले. त्या संध्याकाळी जिंकले.

मग काय! पुढच्या शुक्रवारी कप्तान, सहा फूट माणूस, समोरचे दोन दात पडलेले, काठी घेऊन हिच्यापुढे वाकून उभा. "आंटी, प्लीज, रेड पावडर." मागे सगळ्यांची रांग. आणि तो मॅनेजर माझ्या खांद्यावर हात टाकून, "हबीबी, भाभीजी को टाइम पे लाना." आदल्या आठवड्यातला जंगलीपणा कुठे गेला, विचारलं नाही. अशांना विचारून उपयोग नसतो.

डाग आपल्यामुळे पडतात म्हणून धुणंही हिने अंगावर घेतलं. मी चिडायचो. "मोलकरीण आहेस का त्यांची?" तर म्हणे, "पोरं आईपासून लांब आलीत." पोरं! एकेकाच्या मानेवर बैल बसेल. दर शुक्रवारी ही त्या थंडीत स्वेटरवर शाल घेऊन कठड्याशी उभी. गुडघे धरलेले, धाप लागलेली. डॉक्टरने थंडीत जाऊ नका सांगितलं होतं. ऐकते कोण? कप्तानाने कबूल केलं होतं ना, कप जिंकला की फोटोत मधोमध आंटी. तेवढ्यावर ही सगळा सीझन उभी राहिली. मीना बाजारातून साडी आणली, ब्लाउज शिवून घेतला. मी म्हणायचो, ते विसरतील. ती म्हणायची, तुम्हाला कोणाचं चांगलं बघवत नाही.

शर्ट वाळत घातले, जेवलो. दुपारी मी खाली कोथिंबीर आणायला गेलो. वर आलो तर ती पलंगावर आडवी. दोनदा हाक मारली. खलास. डॉक्टर म्हणाला, हृदय. ते मलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन. "बहुत दुख हुआ, भाई साहब. भगवान की मर्जी." मग जरा थांबून, "वो शर्ट तैयार हैं?"

रात्रीच धावत आलेला आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, यू डोन्ट हॅव टू गो." तो हॉस्पिटलचे कागद करायला निघाला. मी शर्टांना इस्त्री केली. तिने धुतलेले होते, चुरगळलेले कसे देऊ? मुलाला म्हटलं, काम झालं की मला रिंकवरून घे.

रिंकवर सगळे घोडे ओळीत उभे. मधोमध एक खुर्ची, रिकामी, वर फुलं. कप्तान रडत होता. मॅनेजर माझ्या कानाशी आला, "भाभीजी की जगह रखी है. पेपर में अच्छा लगेगा."

मी म्हटलं, "ती जिवंत होती, गुडघे धरून उभी होती, तेव्हा तुमच्याकडे खुर्ची नव्हती?"

फोटोवाला घाई करायला लागला, यल्ला, यल्ला.

मी फुलं कप्तानाच्या हातात दिली, खुर्ची उचलली, मशीनच्या खोलीत नेली आणि मुलाची गाडी येईपर्यंत तिच्यावर बसून राहिलो.