डाव्या हाताचा व्हिडिओ

शुक्रवार पेठेतल्या घरात मी कितीतरी वर्षं शिवणाचा क्लास घेतला. तो मोबाइलवर न्यायची टूम माझ्या भाचीची. "मावशी, एकाच तऱ्हेचे व्हिडिओ टाकलेस तर बायका झोपतील," असं तिनं बजावलं. म्हणून समजावून सांगायचं असेल तिथं माझा चेहरा, कटिंगला पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या रेषा, हातशिलाईला जवळून घेतलेले हात आणि शनिवारी दुपारी सगळ्यांचा समोरासमोर कॉल, असं ठरलं. चेहऱ्याचे व्हिडिओ मला बघवत नाहीत. त्यात मी रागावल्यासारखी दिसते, आणि बहुतेक वेळा असतेही.

हुकं लावायचा व्हिडिओ मात्र भाची नसताना मी एकटीनंच काढला. पुढचा कॅमेरा सुरू करून फोन डब्याला टेकवला आणि बसले. तो कॅमेरा आरशासारखं उलटं टिपतो, हे मला कुठं ठाऊक! जेवून आडवी झाले आणि आवाज बंद करून बघायला लागले. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. पंख्याखाली डोळे जडावलेले. पडद्यावरच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता आणि सुई डाव्या हातात. ते हात माझे नव्हतेच. ते आईचे होते.

आई डावखुरी. समोर बसवून टाके शिकवायची. तिचा डावा हात नेमका माझ्या उजव्यासमोर यायचा, त्यामुळे मला कधी काही उलटं वाटलंच नाही. ती गेली तेव्हा तिचा एकही व्हिडिओ मागं राहिला नाही, आणि फोटोत तर हात कायम पदराखाली. त्या दुपारी मी तो व्हिडिओ किती वेळा लावला कुणास ठाऊक. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठंतरी ती हुकं लावत राहिली आणि मी बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी भाची म्हणाली, "हे उलटं आलंय, सरळ करते."

"राहू दे," मी म्हटलं. "बायकांना कळतं."

ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. बहुतेकींनी आरशात बघावं तसं बघितलं आणि हुकपट्टी बरोबर उजव्या बाजूला लावली. चुकली ती एकटीच. केम गावाजवळच्या वस्तीवरची एक सून, शेळ्यांचं आणि स्वयंपाकाचं उरकून दुपारी शिकणारी. शेवटच्या परीक्षेला तिनं कॉलवर ब्लाऊज दाखवला. टाके इतके एकसारखे की माझेही तसे येत नाहीत. आणि हुकपट्टी डाव्या बाजूला!

"अगं, उलटं केलंस की हे!" मी आवाज चढवला.

"तुमी दावलं तसंच केलंय, बाई. तुमी बी डावऱ्या, मी बी डावरी. तुमच्या डाव्या अंगाला ते माज्या डाव्या अंगाला."

नाचता येईना अंगण वाकडं, असं ओठांवर आलं होतं माझ्या. ते तिथंच राहिलं. अंगण मीच वाकडं करून ठेवलं होतं.

तिची सासू मागं दारातच ज्वारी निवडत बसली होती. सून हळू आवाजात म्हणाली, "घरात म्हनत्यात, डाव्या हातानं शिवल्यालं कोन अंगावर घालंल? वाढू बी देत न्हाईत मला. मग मी तुमचा व्हिडिओ दावला. आमच्या बाई बी तसल्याच हायत म्हनलं. तवा गप बसली समदी. आता पास झाले की गावातल्या बायकांचं मीच शिवनार."

मला लाज वाटली. गप्प राहिले असते तर ती जन्मभर उलट्या पट्ट्या लावत बसली असती. मी सांगून टाकलं. मी उजव्या हाताची, चूक फोनची, आणि ती कळूनही तशीच ठेवली ती माझी. तो व्हिडिओ आजच काढून टाकणार, हेही सांगितलं. आईचे हातही त्याच्याबरोबर जाणार होते.

तिनं ब्लाऊजची घडी घातली. "म्हंजी आमच्यासारकं शिवनारं कोनच न्हाय की."

"तू आहेस ना! ती पट्टी उसव, उजव्या बाजूला लाव. लावताना व्हिडिओ काढ, फक्त हातांचा. क्लासला तोच लावते."

"डाव्या हाताचा? समद्यांनी बगायचा?"

"सगळ्यांनी."

मग तिनं बांगड्या वर सारल्या, सुई डाव्या हातात धरली आणि मागं वळून म्हणाली, "आत्याबाई, दारातनं जरा सरका की. माज्या हातावर उजेड येऊ द्या."